रात्रीचं जेवण दहा वाजता, एचबीएवनसी ६.१: तुमच्या घरी खरंच टिकलेल्या सवयी सांगा

डबेकर | ९ जून २०२४, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर येऊन नुसता फोटो बघून जातो. आज पहिल्यांदाच स्वतःचा धागा काढतोय.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत उपाशीपोटी साखर ११२ आली आणि एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी) ६.१. वय ४६, उंची १६८ सेंमी, वजन ७९, कंबर ९८. डॉक्टर म्हणाले गोळी आत्ता नको, तीन महिने खाणंपिणं सुधारा आणि परत तपासा. नेमकं काय सुधारू विचारलं तर "गोड बंद, भात बंद, चालायला लागा", आणि पुढच्या पेशंटला हाक.

माझा दिवस असा. सव्वासहाला उठून चहा आणि चार बिस्किटं. डोंबिवलीहून लोकल, फोर्टात ऑफिस. डब्यात तीन पोळ्या, बहुतेक वेळा बटाट्याची किंवा कोबीची भाजी, थोडा भात. ऑफिसात चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. घरी यायला पावणेनऊ. आल्या आल्या भूक इतकी असते की हात थेट फरसाणाच्या डब्यात. दहाला जेवण, त्यानंतर मोबाइल, साडेअकराला झोप. बायको ठाण्याला बँकेत, तीही साडेसातला येते. घरी आई आहे, ७४ वर्षांची, आणि बारावीतली मुलगी.

मला 'डाएट' नको आहे. दोन वर्षांपूर्वी ओट्स, चिया, ग्रीन टी सगळं आणलं होतं. अठरा दिवस टिकलं. चियाची बरणी अजून वरच्या फळीवर आहे, आई तिला "ते सब्जासारखं" म्हणते. तेव्हा वाचलेलं, फॉरवर्ड आलेलं नको. तुमच्या घरी वर्ष-दोन वर्षं टिकलंय तेवढंच सांगा.

गवती_चहा | ९ जून, रात्री ११.५२

पहिली सवय: रात्री पावणेबाराला धागे काढू नका.

डबेकर | ९ जून, रात्री ११.५५

मान्य. झोपतो.

पथ्यपाणी | १० जून, दुपारी २.१०

मी नाशिकला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे 'टिकलेलं सांगा' यात माझ्या घरापेक्षा माझ्याकडे येणाऱ्यांचा अनुभव जास्त आहे. आधी आकडे. एचबीएवनसी ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा आणि ६.५ पासून मधुमेह. उपाशीपोटीची १०० ते १२५ साखर त्याच मधल्या टप्प्यात मोडते. म्हणजे तुम्ही उंबऱ्यावर उभे आहात. इथून मागे फिरता येतं आणि बरेच जण फिरतात. एकटेही नाही आहात. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे, त्यात भारतात १० कोटींवर लोकांना मधुमेह आणि १३ कोटींवर लोक या उंबऱ्यावर असा अंदाज निघाला.

वजनापेक्षा मला तुमची कंबर खटकली. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे असे खूप जण असतात, त्यांना वाटतं आपण बारीकच आहोत.

एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशीचं आयुष्यच १२० दिवसांच्या आसपास असतं. म्हणून पंधरा दिवसांत परत तपासू नका, पैसे वाया जातील. आणि धागा वाचणाऱ्या बायकांसाठी: लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो. हिमोग्लोबिन सोबत बघून घ्या.

चहाचा हिशेब तुम्हीच करा. ऑफिसचे चार, घरचा एक, प्रत्येकी दोन चमचे.

डबेकर | १० जून, दुपारी २.३५

दहा चमचे. चमचा ४-५ ग्रॅमचा धरला तर ४०-५० ग्रॅम. रोज. मी स्वतःला 'गोड न खाणारा' समजत होतो.

मालदांडी | १० जून, सायंकाळी ६.०५

सोलापूरची आहे, शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आमच्याकडे सवय बदलायचा प्रश्न नव्हता, मोडलेली परत जोडायचा होता. मुलं शिकायला पुण्याला गेली आणि घरात पोळीच सुरू झाली, कारण पोळी डब्यात मऊ राहते. यजमानांची साखर वाढल्यावर परत ज्वारीवर आलो. आठ वर्षं झाली, टिकलं आहे.

पण ज्वारीचं काही नियमाने असतं. मालदांडी आणा, रब्बीची, टपोऱ्या मोत्यासारखी दिसते. एका वेळी दोन-अडीच किलोच दळा. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही मळा, थापताना कडा फाटणारच. मुंबईत लोक दुकानातलं पाकीट आणतात, ते कधी दळलंय कोण जाणे, आणि मग म्हणतात भाकरी जमत नाही. भाकरी जमते हो, पीठ मेलेलं असतं.

पाणी कढत घ्या. एका वेळी एकाच भाकरीचं मळा, तळहाताच्या टाचेनं रगडून, लोण्यासारखं होईतो. परातीत पीठ भुरभुरवून थापा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी ओलं असताना उलटली तर चिकटते, ठणठणीत सुकल्यावर उलटली तर चिरते. मधली वेळ डोळ्यांना कळायला महिना लागतो. मग शेवटी थेट जाळावर. पापुद्रा सुटून टम्म फुगली की समजा जमली.

सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, मेथीची नाहीतर शेपूची पातळ भाजी. रात्री याच्यापलीकडे काही नको.

स्पष्टवक्ती | १० जून, रात्री ९.२०

मालदांडीताई, तुमच्या वर्णनाला हात जोडले. पण डबेकर, एक साधा प्रश्न. साडेसातला ठाण्याहून येऊन ही भाकरी थापणार कोण?

विचारायचं कारण आमच्याच घरातलं. नवऱ्याची साखर वाढली. त्याचं 'आरोग्य' म्हणजे माझे रोजचे पाऊण तास जास्त. त्याच्या भाकऱ्या, मुलांच्या पोळ्या, सासऱ्यांचा मऊ भात. वरून तो मित्रांना सांगणार, "मी आता मिलेट्सवर आहे." चार महिन्यांनी मी हात टेकले आणि तो परत पोळीवर आला. दोष मलाच. तुमच्या यादीत 'बायको साडेसातला येते' असं एक वाक्य आहे आणि त्याच्या आदल्याच वाक्यात तुम्ही दहाला जेवायला बसलेले आहात. मधे काय घडतं ते लिहिलेलंच नाही.

गवती_चहा | १० जून, रात्री ९.२८

*खुर्ची सरसावून बसलो आहे.*

डबेकर | १० जून, रात्री १०.४५

लागलं. खरं आहे म्हणून लागलं. आत्ता धागा बायकोला वाचायला दिला. ती फक्त "यांना माझा नमस्कार कळव" म्हणाली.

मला चहा, मॅगी आणि अंड्याची भुर्जी येते. कुकर लावता येतो. भाकरी कधी थापलेली नाही. रविवारी बघतो.

पथ्यपाणी | ११ जून, सकाळी ११.००

स्पष्टवक्तींनी मुद्द्यालाच हात घातला. माझ्याकडे पुरुष पेशंट आला की तक्ता बायको लिहून घेते. मी आता मुद्दाम वही त्याच्या हातात देते.

मालदांडीताई रागावू नका, पण ज्वारीबद्दल थोडं थंड पाणी ओतते. चोथा म्हणाल तर कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठात आणि ज्वारीत फार फरक नाही. पिष्टमय पदार्थही दोन्हीकडे भरपूर. आणि तुमच्या सोलापूरच्या एका भाकरीत दोन-अडीच पोळ्यांचं पीठ जातं. 'भाकरी चांगली' म्हणून तीन हाणल्या तर साखर मुळीच ऐकणार नाही. फायदा कुठे होतो? भाकरी सावकाश चावावी लागते, एकीत पोट भरतं, आणि तिच्यासोबत आपोआप पालेभाजी, पिठलं, उसळ येते. पोळीला बटाटाही चालतो, जॅमही चालतो. नाचणीचं वेगळं, तिच्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आईंसाठी ती मुद्दाम ठेवा.

मालदांडी | ११ जून, दुपारी १.१५

रागावत नाही. पण तीन कोण खातं? आमच्याकडे शेतावरचा गडी खायचा तीन.

पारावरचा | ११ जून, दुपारी ३.४०

हे सगळं नवं फॅड. आमचे आजोबा भात, गूळ, तूप सगळं खाऊन नव्वदीपर्यंत जगले. साखर सोडा आणि गूळ खा, इतकं सोपं आहे.

पथ्यपाणी | ११ जून, दुपारी ४.०५

गुळातही बहुतांश साखरच असते. थोडं लोह वगैरे असतं, पण त्यासाठी खायचा म्हटलं तर गूळ चमच्यानं नाही, ढेपेनं खावा लागेल. रक्ताला दोन्ही सारखेच. आजोबा दिवसात किती चालत होते, ते विचारा कुणाला तरी.

पारावरचा | ११ जून, दुपारी ४.३०

शेत गावापासून दीड कोस होतं. बरं, कळलं.

राईनकाठ | ११ जून, रात्री १०.१५

मी जर्मनीत कोलोनला असतो. इथे आल्यावर पहिला धक्का जेवणाच्या वेळेचा बसला. दुपारी गरम जेवण आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला पाव, चीज, काकडी, एखादं थंड काहीतरी, की झालं. आबेंडब्रोट म्हणतात, संध्याकाळचा पाव. पहिलं वर्षभर आम्ही नवरा-बायको त्यांच्यासारखं साडेसहाला खायचो आणि परत दहाला वरणभात खायचो. चार किलो वाढलो. मग वरणभात सहालाच आणला. आता सातनंतर स्वयंपाकघराचा दिवाच लावत नाही, सहा वर्षं झाली.

डबेकर | ११ जून, रात्री १०.४०

सहाला मी ऑफिसात असतो, सातला सीएसएमटीच्या फलाटावर. साडेसातला दरवाज्यात एका पायावर. कोलोनचं इथे नाही जमायचं.

कुळीथ | १२ जून, सकाळी ७.२०

जमतं. मी कुडाळची, पण पंधरा वर्षं नोकरीला विरार ते चर्चगेट केलंय. ऑफिस सोडायच्या आधी सहाला दुसरा डबा खायचा. दुसरा डबा म्हणजे खाऊ नाही, अर्धं जेवण. वाटीभर उसळ, एक घावन नाहीतर अर्धी भाकरी, काकडी. घरी पोचल्यावर मग फरसाण दिसतही नाही. रात्री नुसतं कुळथाचं कढण, किंवा सोलकढी आणि भाजी. दहालाच जेवायचं असेल तर निदान हलकं जेवा, हा माझा तोडगा. अकरा वर्षं टिकला, नोकरी संपली तेव्हाच संपला.

आमच्या आजीचं सगळं आरोग्यशास्त्र एका वाक्याचं होतं: "पेज पी नि मगे कामाक लाग." उकड्या तांदळाची पेज, सकाळी. भात बंद म्हणणाऱ्यांना माझा विरोध आहे. उकडा तांदूळ सालासकट उकडतात, त्यामुळे सालातली बी जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, आणि पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळाइतका तो भसकन साखर चढवत नाही. आम्ही बांगडा, भात, कढी खाऊनच मोठे झालो. भाताचा डोंगर आणि बांगड्याचा तुकडा असं असलं तर मात्र उलटं करा.

डबेकर | १२ जून, सकाळी ७.५० (ठाण्याच्या पुढे)

दुसरा डबा! हे जमण्यासारखं वाटतंय.

अंबाडी | १२ जून, दुपारी १२.३०

अमरावतीहून. काय करून राहिले बापा तुम्ही लोक, भाकरी न् भात, बाकी काही नाही. चटण्या कुठे गेल्या? आमच्याकडे जवसाची चटणी आणि कराळ्याची चटणी बरणीत कायम. जवसात ओमेगा-३ असतं, जे लोक माशाच्या गोळ्या घेऊन शोधतात. चिया कशाला पाहिजे हो? जवस भाजून, तीळ, लसूण, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात कुटायचं. मिक्सरला भुकटी होते, मजा नाही. मीठ मात्र मोजून. पापड, लोणचं, चटणी, फरसाण असं चारी बाजूंनी ते येतं. दिवसाचं ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, एवढंच पुरे म्हणतात, आणि आपल्याकडे ते दुपारपर्यंतच संपतं.

पारावरचा | १२ जून, सायंकाळी ५.००

मला एक सांगा, पानात पहिला वरणभात-तूप हे आपलं शास्त्र आहे की नाही? आता व्हिडिओत सांगतात आधी सॅलड खा. भात शेवटी म्हणे.

पथ्यपाणी | १२ जून, सायंकाळी ६.२०

भाजी, कोशिंबीर, डाळ आधी आणि भात-पोळी नंतर असं खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे अभ्यासांत दिसलंय. पण आपलं पान बघा ना, डाव्या बाजूला कोशिंबीर असतेच. आपण तिला बोटभर वाढतो आणि सगळ्यात शेवटी, पोट भरल्यावर, चाटून टाकतो. तिची वाटी करा आणि सुरुवात तिथून करा. वरणभात कुठे पळून जात नाही. तूप चमचाभर चालतं, फक्त 'साजूक आहे' म्हणून पळीनं ओतू नका.

गेल्याच महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेनं नवी आहार मार्गदर्शिका काढली. त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, ८५ ग्रॅम डाळी (किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस-मासे), २५० ग्रॅम धान्य असं ताट आहे. डबेकरांच्या डब्यात धान्य पुरेपूर आहे, भाजीच्या नावाखाली बटाटा आहे आणि डाळ बेपत्ता आहे.

दोनवेळा | १२ जून, रात्री ८.४५

डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत कोणी कशी सांगितली नाही? दिवसातून दोनदाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही नाही. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. मी तीन वर्षं करतोय, अकरा किलो उतरलं.

पथ्यपाणी | १२ जून, रात्री ९.१०

ज्यांना झेपतं त्यांना फायदा झालेला मी पाहिला आहे. पण आधीच इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते. आणि दोन जेवणांत सगळं बसवायचं म्हणजे ताट नीट असलं पाहिजे. दोनदा वडापाव म्हणजे दोन वेळचं जेवण नव्हे.

डबेकर | १६ जून, दुपारी १.३०

आज रविवार. अहवाल देतो.

काल बायकोसोबत गिरणीत जाऊन मालदांडी दळून आणली. आईनं स्टूल ओट्याशी ओढून बसून घेतलं आणि मला सूचना सुरू केल्या. पहिल्या भाकरीला पाणी जास्त, ती परातीलाच चिकटली, कालथ्यानं खरवडून काढली. दुसरी थापली गेली, पण उचलताना मधोमध दुभंगली. आई म्हणाली, "उचलायची नसते, तळहातावर घ्यायची असते." तिसरी तव्यावर पोचली. पाण्याचा हात फिरवताना तर्जनी भाजली. चौथी एका बाजूनं, साधारण पाव भाग, फुगली. माझी मुलगी ओरडली, "बाबा, फुगली!" एवढं कौतुक मला प्रमोशनलाही झालं नव्हतं.

चार भाकऱ्यांना एक तास दहा मिनिटं. कढत पाण्यानं मळून हात लाल आहेत. आईनं पस्तीस वर्षं रोज सकाळी बाराएक भाकऱ्या थापल्या, स्टोव्हवर.

स्पष्टवक्ती | १६ जून, दुपारी २.००

नमस्कार परत केला असं वहिनींना सांगा.

मालदांडी | १६ जून, दुपारी २.१५

पहिल्याच दिवशी पाव फुगली म्हणजे हात आहे तुम्हाला. उकड काढून बघा. पाण्याला उकळी आली की त्यात पीठ घालून गॅस बंद, झाकण, दहा मिनिटं. मग मळा. नवख्या हाताला सोपं जातं.

डबेकर | १७ जुलै, रात्री ९.५०

आषाढीच्या शुभेच्छा. आज घरात सगळ्यांचा उपास, सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी साबुदाणा वडा, रात्री परत उरलेली खिचडी. ग्लुकोमीटर आणलाय. खिचडीनंतर दोन तासांनी १९४.

पथ्यपाणी | १८ जुलै, सकाळी १०.३०

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचा जवळजवळ शुद्ध स्टार्च, वर बटाटा. उपास सोडा असं मी कुणाला म्हणत नाही, पण राजगिरा आहे, वरी आहे, शिंगाड्याचं पीठ आहे, दाण्याची आमटी आहे, दही-काकडी आहे. श्रावण येतोय, सोमवार-शनिवार धरले तर महिन्यात आठ-दहा उपास होतात. 'एकादशी दुप्पट खाशी' कुणी उगाच म्हटलेलं नाही.

कुळीथ | १८ जुलै, दुपारी १२.०५

श्रावणाच्या आत रानभाज्या घ्या. डोंबिवली स्टेशनबाहेर वाडा-शहापूरकडच्या बायका बसतात ना? टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली. दोन महिनेच मिळतात. शेवळं घेतलीत तर त्यांच्याकडूनच काकडंही मागून घ्या. त्याच्या आंबटपणाशिवाय घशाला खाज सुटते.

डबेकर | २२ सप्टेंबर, सकाळी ११.१५

धागा वर काढतोय, कारण तीन महिने झाले. एचबीएवनसी ५.८. उपाशीपोटी १०१. वजन ७५, कंबर ९४. उंबऱ्यावरच आहे अजून, पण पाऊल आतल्या बाजूला पडलंय. डॉक्टर म्हणाले, "काय केलंत?" मी म्हटलं, "भाकरी." त्यांना वाटलं खाल्ली.

काय फसलं ते आधी. तांब्याच्या बाटलीतलं पाणी आठवडाभर प्यायलो, मग ती घासायचा कंटाळा. पाचला उठून चालणं चार दिवस. रोज भाकरी हेही फसलं. बुधवार-शनिवार-रविवार एवढीच जमते, बाकी दिवस पोळ्यांना एक बाई येतात. मटकीला मोड आणायचं काम माझ्याकडे होतं. जुलैतल्या दमट हवेत पंच्यात बांधून कपाटात ठेवली, दुसऱ्या दिवशी मोड कमी आणि वास जास्त. सगळी टाकली. आता भिजवून निथळतो आणि चाळणीत उघडी ठेवतो, वरून ओला रुमाल, सकाळ-संध्याकाळ एकदा पाण्याखाली धरतो. अगदी शेवटपर्यंत चांगली राहते.

टिकलं ते असं. दुसरा डबा, सहा वाजता, ऑफिसात. रात्री मीच भरतो, झोपायच्या आधी, उसळ नाहीतर उकडलेली दोन अंडी आणि काकडी-गाजर. पहिले पंधरा दिवस सहकाऱ्यांनी चेष्टा केली, आता दोघं जण स्वतःचा आणतात. फरसाणाचा डबा आपोआप सुटला, म्हणजे घरात आहे, पण पावणेनऊला मला त्याची हाक ऐकू येत नाही. रात्रीचं जेवण सव्वानऊला आलं. भाजी, ताक, कधी मुगाची खिचडी.

चहाची साखर एकदम नाही सोडली, दर आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करत अर्ध्यावर आणली. आता कुणाकडे दोन चमच्यांचा मिळाला तर तो चहा नाही, पाक वाटतो. ऑफिसचे चार चहा होते, ते दोन झाले.

आणि शतपावली. ही मी ठरवली नव्हती. जेवण झाल्यावर आई सोसायटीच्या आवारात खाली उतरते, तिला एकटीला नको म्हणून मी सोबत जायला लागलो. बारा-पंधरा मिनिटं, तिच्या वेगानं. आई माहेरच्या गोष्टी सांगते. काही मी चौथ्यांदा ऐकतोय. मीटर घेऊन दोनदा मोजलं: तेच जेवण, न चालता १६१, चालून १३४. पथ्यपाणीताई, एवढा फरक?

गणपतीत सात मोदक खाल्ले. त्या दिवशी मोजली नाही.

पथ्यपाणी | २२ सप्टेंबर, दुपारी १२.४०

पडतो एवढा फरक, पण घरच्या मीटरच्या दोन मोजण्यांवरून फार काही ठरवू नका. तत्त्व मात्र बरोबर आहे. चालताना पायांचे स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून सकाळच्या तासाभरापेक्षा जेवणानंतरची पंधरा मिनिटं कधीकधी जास्त कामाची. आता पुढचं: आठवड्यातून दोन दिवस थोडं वजन उचलायला लागा, उठाबशा, पाण्याच्या बाटल्या, काहीही. चाळिशीनंतर स्नायू झडतात आणि साखर साठवायची जागाच कमी होते. आईंचं बी-१२ एकदा तपासा, शाकाहारी असतील तर नक्कीच.

सात मोदकांबद्दल मी काही वाचलेलं नाही.

स्पष्टवक्ती | २२ सप्टेंबर, दुपारी १.०५

अभिनंदन! आता तीन दिवस भाकरी कोण थापतं ते स्पष्ट लिहा.

डबेकर | २२ सप्टेंबर, दुपारी १.२०

शनिवार-रविवार मी. बुधवारी बायको, कारण त्या दिवशी ती घरून काम करते. पण बुधवारची भांडी माझी. तिनंच वर लिहायला सांगितलंय की तिची भाकरी माझ्यापेक्षा अजूनही बरी फुगते.

गवती_चहा | २२ सप्टेंबर, दुपारी १.३०

माझाही रिपोर्ट आला हो परवा. ५.९. आतापर्यंत खुर्ची सरसावून बसलो होतो, आता उठावं लागणार. नाचणीची केली काल, तव्यावर उलटताना तीन तुकडे झाले. काय चुकलं?

डबेकर | २२ सप्टेंबर, दुपारी १.४५

पीठ कधी दळलेलं? पाकिटातलं असेल तर आधी ते बाजूला ठेवा. नाचणीला चिकटपणा नसतो, उकड काढल्याशिवाय ती ऐकत नाही. पाण्यात चिमूटभर मीठ, उकळी आली की पीठ, झाकण, दहा मिनिटं. मळताना हात भाजेल, गार पाण्याची वाटी शेजारी ठेवा आणि त्यात बोटं बुडवत मळा. पहिल्यांदा लहान थापा, तळहाताएवढ्याच. आणि तवा आधी नीट तापू द्या.